हेलिकॉप्टरवाहू युद्धनौका आणि लढाऊ विमान



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची अशी दृढ धारणा होती की, जो विषय तज्ज्ञांच्या दप्तरात बंदिस्त राहतो त्याचा निर्णय लोकांच्या नावाने होतो खरा, परंतु लोकांच्या गैरहजेरीत होतो. आणि म्हणून राज्यकारभाराचा कोणताही विषय, तो कितीही तांत्रिक असला तरी, मायबोलीत सांगता आला पाहिजे. त्या धारणेला स्मरून आज मी आरमाराचा एक विषय आपल्यापुढे मांडणार आहे. केवळ हेलिकॉप्टरांसाठी बांधलेल्या युद्धनौकेवरून आखूड धावेने उडणारी आणि उभ्याने उतरणारी लढाऊ जेट विमाने चालविता येतील काय, हा तो विषय. गेली काही वर्षे जपानने हा प्रश्न प्रत्यक्ष कृतीला आणला आहे. आणि आपल्या मुंबई-गोव्याच्या किनाऱ्याने त्याचे एक पूर्वीचे उत्तर तीस वर्षे डोळ्यांसमोर पाहिलेले आहे.

प्रश्न एका वाक्यात मावत असला तरी त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न आहेत. असे विमान त्या नौकेवर उतरेल काय, हा पहिला. उपयुक्त इतका दारूगोळा आणि इंधन घेऊन ते तिच्यावरून उडेल काय, हा दुसरा. आणि अशी अनेक विमाने ती नौका दिवसामागून दिवस, रात्री-अपरात्री, खवळलेल्या समुद्रात आणि शत्रूच्या समक्ष चालवू शकेल काय, हा तिसरा. वर्तमानपत्रांतील चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नाशी सुरू होऊन तेथेच संपते, आणि राष्ट्रांचा पैसा व माणसांचे प्राण मात्र तिसऱ्यावर अवलंबून असतात.

सामान्य लढाऊ विमानाला पंखांचा आधार मिळण्यासाठी मोठा वेग लागतो. पंखांनी मिळणारे उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग निम्मा झाला की आधार एकचतुर्थांश उरतो. म्हणून मोठ्या विमानवाहू नौकांवर विमानाला पुढे भिरकावणारी यंत्रणा आणि उतरताना त्याला धरून ठेवणाऱ्या आडव्या तारा असतात, तर हेलिकॉप्टरनौकेवर यांपैकी काहीही नसते. या दोन प्रकारच्या नौकांमधील भिंत भेदली ती हॅरिअर या ब्रिटिश विमानाने. त्याच्या पेगॅसस इंजिनाचा झोत चार फिरत्या तोट्यांतून बाहेर पडे. तोट्या खाली वळविल्या की विमान अधांतरी तोलले जाई, आणि मागे वळविल्या की ते पुढे धावे. या विमानाच्या पूर्वरूपाने 1960 च्या ऑक्टोबरात जमिनीपासून प्रथम अंग उचलले आणि 1963 च्या फेब्रुवारीत आर्क रॉयल या विमानवाहू नौकेवर ते उभ्याने उतरलेही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उभ्याने उडणे शक्य असले तरी ते किफायतशीर नाही, कारण त्या वेळी विमानाचा सगळा भार एकट्या इंजिनाला पेलावा लागतो, आणि मग एक तर इंधन कमी घ्यावे लागते किंवा शस्त्रे मागे ठेवावी लागतात. यासाठी व्यवहारात अशी विमाने डेकवरून थोडी धाव घेऊन उडतात आणि परतताना, इंधन जळून वजन उतरल्यावर, उभ्याने खाली येतात. नौका वाऱ्याच्या रोखाने वेगाने चालली की तिचा वेग आणि वाऱ्याचा वेग हे दोन्ही विमानाच्या पदरी पडतात. यात मोठी भर घातली ती डग टेलर नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने. डेकचे टोक वरच्या दिशेला वाकविले, तर विमान काही क्षण वर फेकले जाईल आणि त्या अवधीत त्याला आणखी वेग मिळेल, ही गोष्ट त्याने साउदॅम्प्टन विद्यापीठातील आपल्या प्रबंधात गणिताने मांडली, आणि 1977 मध्ये जमिनीवर उभारलेल्या चढणीवरून ती सिद्ध झाली. स्की-जंप या नावाने ती आज सर्वत्र ओळखली जाते. एवढी साधी, कोणतेही चालते यंत्र नसलेली वक्र चढण, परंतु तिच्यामुळे त्याच धावेत विमानाला जास्त वजन उचलता येऊ लागले.

हेलिकॉप्टरनौकेवर हॅरिअर चालवून पाहण्याचे प्रयोग मात्र त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेने 1972 ते 1974 या काळात ग्वाम या हेलिकॉप्टरवाहू नौकेवर हॅरिअर विमाने आणि पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे एकत्र ठेवून समुद्रमार्गांच्या रक्षणाचा प्रयोग केला. स्पेनने महायुद्धकाळातील एक लहान अमेरिकन नौका 1967 मध्ये हेलिकॉप्टरांसाठी घेतली होती, तिचे नाव देदालो. तिच्या लाकडी डेकवर 1972 मध्ये हॅरिअरची चाचणी झाली आणि 1976 पासून तिच्यावर त्या विमानांची तुकडी तैनात होऊ लागली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आहेत, हे अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच ठरून गेले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या नौकेने दिले तिचा आणि आपला संबंध फार निकटचा आहे. हर्मीस ही ब्रिटिश नौका 1944 मध्ये बांधावयास घेतली गेली आणि 1959 मध्ये आरमारात रुजू झाली. आरंभी ती पुरती विमानवाहू होती. परंतु 1971 ते 1973 या काळात तिच्यावरील भिरकावणी-यंत्रे आणि अडविण्याच्या तारा काढून टाकून तिला कमांडो सैनिक आणि हेलिकॉप्टरे वाहणारी नौका करण्यात आले, व पुढे पाणबुड्यांचा शोध हे तिचे मुख्य काम ठरले. त्यानंतर 1980-81 मध्ये तिच्या नाकावर बारा अंशांची चढण बसवून सी हॅरिअर विमाने तिच्याकडे सोपविण्यात आली. म्हणजे आपला आजचा प्रश्न या एकाच नौकेने आपल्या आयुष्यात पूर्णपणे जगून दाखविला आहे.

तिची कसोटी लगेचच लागली. 1982 च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांचा कब्जा घेतला आणि हर्मीस ब्रिटिश आरमाराची अग्रनौका होऊन हजारो मैल दूरच्या दक्षिण अटलांटिककडे निघाली. तिच्यावर बारा आणि सोबतच्या इन्व्हिन्सिबल नौकेवर आठ, अशा वीस सी हॅरिअरांवर एका संपूर्ण आरमाराच्या आकाशाची जबाबदारी होती. मागाहून आणखी विमाने, त्यांत हवाईदलाचीही काही, त्यांना येऊन मिळाली. हवेतल्या लढतीत त्यांतील एकही सी हॅरिअर शत्रूला पाडता आले नाही. जी सहा गेली ती जमिनीवरील माऱ्याने व अपघातांनी गेली. परंतु त्याच युद्धाने उणीवही तितक्याच कठोरपणे दाखविली. दूरवरचे आकाश न्याहाळणारे रडार-विमान या लहान नौकांवरून उडविता येत नव्हते, त्यामुळे समुद्रसपाटीलगत येणाऱ्या विमानांची चाहूल उशिरा लागे. 4 मे रोजी शेफील्ड ही विनाशिका एक्झोसेट क्षेपणास्त्राने जायबंदी झाली, तिच्यावरील वीस माणसे मृत्युमुखी पडली आणि काही दिवसांनी ती बुडाली. सी किंग हेलिकॉप्टरांवर रडार बसविण्याची तजवीज त्यानंतर घाईने करण्यात आली, परंतु ती तयार होईपर्यंत युद्ध संपून गेले होते. लढाऊ विमाने होती, वैमानिक शूर होते, पण व्यवस्थेचा एक दुवा नव्हता, आणि त्या एका दुव्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली.

पुढच्याच वर्षी घडलेला एक प्रसंग या विवेचनाला पूरक आहे. 1983 च्या जूनमध्ये पोर्तुगालच्या पश्चिमेस एक सी हॅरिअर आपल्या नौकेपासून चुकले. इंधन संपत आले तेव्हा वैमानिकाने ते आल्राइगो नावाच्या स्पॅनिश मालवाहू जहाजावर, तेथे रचलेल्या कंटेनरांवर, उतरविले. विमान थोडे मागे घसरले, पण वाचले, आणि जहाजाने ते तेनेरीफ बंदरापर्यंत पोहोचविले. एका मालवाहू जहाजावर लढाऊ विमान उतरले, म्हणून ते जहाज विमानवाहू झाले, असे कोणी म्हणणार नाही. पाहुणा रात्रीपुरता उतरवून घेणे निराळे आणि बारमाही संसार चालविणे निराळे; उतरण्याच्या छायाचित्रावरून नौकेची योग्यता ठरविणारे लोक हा भेद विसरतात.

मग या संसाराला लागते तरी काय? हॅरिअरच्या जागी आज एफ-35बी हे विमान आले आहे, आणि त्याने प्रत्येक गरज वाढविली आहे. वैमानिकाच्या मागे बसविलेला एक मोठा उत्थापक पंखा मुख्य इंजिनाकडून दांड्याने फिरविला जातो, आणि शेपटाकडची तोटी खाली वळून आपला झोत सरळ डेकवर सोडते. रिकामे विमानच साडेचौदा टनांच्या आसपास भरते आणि पूर्ण सज्ज विमान सत्तावीस टनांपर्यंत जाते. त्या झोताची उष्णता नेहमीच्या डेकला सोसत नाही. म्हणून पोलादावर उष्णतारोधक धातुमिश्रित लेप द्यावा लागतो आणि आसपासच्या जीवरक्षक नौका, तारा व उपकरणे यांना संरक्षण द्यावे लागते. डेकवरून खालच्या हँगरमध्ये विमाने उतरविणाऱ्या लिफ्टला हे वजन आणि हे आकारमान पेलले पाहिजे. शिवाय जेट विमानाची इंधनाची भूक हेलिकॉप्टरापेक्षा अनेकपट मोठी असल्याने टाक्या, बॉम्ब व क्षेपणास्त्रे ठेवण्याची कोठारे, त्यांची ने-आण करण्याचे मार्ग, इंजिन उघडण्याइतकी कर्मशाळा आणि हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणारा कक्ष, ही सर्व जागा नौकेच्या पोटातूनच काढावी लागते.

जागा काढावी लागते, याचा अर्थ दुसरे काही बाहेर टाकावे लागते, हे सूत्र अमेरिकेच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते. अमेरिका आणि ट्रिपोली या नावांच्या तिच्या दोन नौका किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांसाठी आहेत. परंतु त्या बांधताना विमानांचे इंधन आणि कर्मशाळा यांना जागा मिळावी म्हणून, सैनिकांना किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्या ज्या जलकोठारातून बाहेर पडतात ते कोठारच गाळून टाकण्यात आले. 2022 मध्ये ट्रिपोलीवर वीस एफ-35बी विमाने एकत्र चालवून दाखविण्यात आली, हे त्या त्यागाचे फळ होय. आणि तरीही याच वर्गातील तिसऱ्या नौकेच्या आराखड्यात ते जलकोठार परत घेण्यात आले, कारण नौदल-सैनिकांना आपले मूळ कर्तव्य सोडून चालणार नव्हते.

आता जपानकडे वळू. इझुमो 2015 मध्ये आणि तिची भगिनी कागा 2017 मध्ये आरमारात आली. 248 मीटर लांबीच्या आणि 19,500 टन प्रमाणित वजनाच्या या नौकांना तेथील सरकारने हेलिकॉप्टरवाहू विनाशिका ही संज्ञा दिली, कारण 1947 मध्ये अंमलात आलेल्या जपानी राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा मार्ग वर्ज्य केलेला आहे, आणि आक्रमक स्वरूपाची विमानवाहू नौका बाळगणे हे त्या मर्यादेबाहेरचे, अशी सरकारची आजवरची भूमिका आहे. 1942 च्या मिडवेच्या लढाईत बुडालेल्या एका जुन्या विमानवाहू नौकेचे नावही कागाच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची नाजूकता कळते. 2018 च्या डिसेंबरात या दोन्ही नौका एफ-35बीसाठी बदलून घेण्याचा निर्णय झाला, आणि अशी 42 विमाने घेण्याची योजना ठरली. इझुमोच्या डेकवर उष्णतारोधक लेप चढविला गेला, आणि 2021 च्या ऑक्टोबरात अमेरिकन नौदल-सैनिकांची विमाने तिच्यावर उतरून पुन्हा उडाली. कागाचे नाक पूर्वी पुढे निमुळते होत गेलेले होते. ते चौकोनी करण्यात आले, जेणेकरून धावेच्या शेवटी विमानाला पुरती रुंदी आणि स्थिर वारा मिळावा. आणि 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर तिच्या चाचण्या झाल्या. स्की-जंप मात्र दोन्ही नौकांवर नाही.

या सर्व खटपटीमागचे कारण भूगोलात आहे. जपानच्या नैर्ऋत्येकडील आणि पॅसिफिकमधील बेटे दूरवर पसरलेली असून लढाऊ विमानांना योग्य अशा धावपट्ट्या तेथे फार थोड्या आहेत. त्या क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात निकामी झाल्या, तर समुद्रावर एक फिरता तळ असावा, हा त्या निर्णयाचा हेतू आहे. हेतू मला समंजस वाटतो. परंतु दोन गोष्टींचा विचार केल्यावाचून राहवत नाही. पहिली अशी की, ही विमाने जपानच्या हवाईदलाची आहेत आणि नौका आरमाराच्या आहेत. विमाने कायम नौकेवर राहणार नाहीत, गरजेप्रमाणे येतील. समुद्रावरील उड्डाण हे नित्याच्या सरावाचे काम आहे आणि दोन खात्यांच्या सीमेवर सराव नेहमी विरळ होतो. इटलीने गारिबाल्दी ही नौका 1985 मध्ये आरमारात घेतली, तेव्हा विमाने बाळगण्याचा अधिकार कायद्याने एकट्या हवाईदलाकडे होता, आणि 1989 मध्ये तो कायदा बदलेपर्यंत तिला हेलिकॉप्टरांवरच राहावे लागले. डेक तयार होता, चढण तयार होती. अडविले होते ते सरकारी सनदेने. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इझुमोचा जन्म पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी झाला. तिच्या हेलिकॉप्टरांनी समुद्र शोधावा आणि बाकीच्या ताफ्याचे रक्षण करावे, हे तिचे काम. तिच्यावर दहा-बारा जेट विमाने आली, तर त्यांपैकी काही दुरुस्तीत, काही इंधन भरण्यात गुंतलेली असताना दोन विमाने अहोरात्र हवेत ठेवणेही कष्टाचे होईल. आणि त्यासाठी जी हेलिकॉप्टरे किनाऱ्यावर राहतील त्यांचे काम दुसऱ्या कोणावर तरी पडेल. नौकेचे सामर्थ्य येथे वाढत नाही, ते एका कामातून काढून दुसऱ्या कामाकडे लावले जाते.

ज्या राष्ट्रांनी ही अदलाबदल नीट मोजली नाही त्यांचे अनुभव उद्बोधक आहेत. थायलंडने 1997 मध्ये चक्री नारुएबेत ही लहानशी नौका आणि तिच्यासाठी स्पेनची जुनी हॅरिअर विमाने घेतली; पण त्याच वर्षी आर्थिक अरिष्ट कोसळले, सुट्या भागांची व सरावाची तरतूद आटली, विमाने एकामागून एक बसली, आणि अखेर नौका हेलिकॉप्टरांपुरती उरली. ऑस्ट्रेलियाच्या दोन कॅनबेरा वर्गाच्या नौकांवर मूळ स्पॅनिश आराखड्यातील चढण जशीच्या तशी आहे. 2014 मध्ये त्यांच्यावर एफ-35बी ठेवण्याचा विचार झाला, परंतु लेप, इंधन, कोठारे आणि यंत्रणा यांचा खर्च पाहून तो सोडून देण्यात आला, आणि हा निर्णय मला प्रौढपणाचा वाटतो. तुर्कस्तानने अनादोलू ही नौका अशा विमानांवर नजर ठेवून बांधली, पण 2019 मध्ये त्याला एफ-35च्या योजनेतून वगळण्यात आले. आता त्या डेकवरून वैमानिकरहित विमाने उडतात. विमान परक्याचे असले की नौकेचे भवितव्यही परक्याच्या मर्जीवर राहते, हा त्यातला बोध.

शेवटी आपल्या किनाऱ्याकडे येतो. पहिली तीन सी हॅरिअर विमाने 16 डिसेंबर 1983 रोजी गोव्यात दाबोळी येथे उतरली, आणि आयएनएस हंसा हा तळ त्यांचे घर बनला. 12 मे 1987 रोजी हर्मीस आपल्या आरमारात विराट या नावाने रुजू झाली. जुन्या विक्रांतवरही तशी चढण बसविण्यात आली. उष्ण हवेत इंजिनाचा जोर कमी भरतो, त्यामुळे न वापरलेली शस्त्रे घेऊन उभ्याने उतरणे अरबी समुद्रावर उत्तर अटलांटिकपेक्षा कठीण. अशा वेळी इंजिनात शुद्ध पाण्याचा फवारा सोडून काही क्षणांपुरता जोर वाढवावा लागतो, आणि ते पाणी संपण्यापूर्वी विमान डेकवर आले पाहिजे. हे कसब ब्रिटनकडून विकत घेता येण्यासारखे नव्हते. ते आपल्या वैमानिकांनी, तंत्रज्ञांनी आणि डेकवर उन्हात उभ्या राहणाऱ्या खलाशांनी इथल्याच हवेत कमावले. 2016 च्या मे महिन्यात सी हॅरिअर निवृत्त झाले, 6 मार्च 2017 रोजी मुंबईत विराट निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवती येथे तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मान्यता दिली होती. ते घडले नाही, आणि 2020 मध्ये ती मोडण्यासाठी अलंगला गेली. आज आपल्या विमानवाहू नौकांवरून मिग-29के विमाने चढणीवरून उडतात आणि तारांनी थांबविली जातात. उभ्याने उतरणाऱ्या विमानांची परंपरा आपल्याकडे खंडित झाली आहे.

आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, असे मानणाऱ्या आज्ञापत्रकारांनी जहाजांच्या बरोबरीने त्यांना लागणारे लाकूड आणि पावसाळ्यातील त्यांची छावणी यांचाही विचार केला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. आजच्या प्रश्नाचा निवाडाही त्याच दृष्टीने झाला पाहिजे. हेलिकॉप्टरवाहू युद्धनौकेवरून आखूड धावेची लढाऊ विमाने चालविता येतात, हे निःसंशय. परंतु ती चालवितो डेक नव्हे, तर डेकखालची रसद, डेकवरची माणसे आणि त्यांच्यामागची स्थिर तरतूद. आणि ती चालविताना नौकेने आपले कोणते मूळ काम सोडावयाचे, याचा निर्णय अगोदर व उघडपणे घेतला पाहिजे. उद्या आपल्या देशापुढे असा प्रस्ताव आला, तर विमान उतरेल काय, एवढेच विचारून थांबू नका. किती विमाने, किती दिवस, कोणाच्या इंधनावर, आणि कोणते काम बाजूला ठेवून, हे चार प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा. आणि विराटवर व दाबोळीच्या तळावर ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली असे जे मराठी नौसैनिक आणि तंत्रज्ञ आज कोकणात, गोव्यात, मुंबई-पुण्यात निवृत्त जीवन जगत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी आपला अनुभव मराठीत लिहून ठेवावा. नौका मोडली, विमाने निवृत्त झाली. ते ज्ञान आता तुमच्याजवळ आहे, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती देणे हे आरमाराच्या सेवेतले तुमचे उरलेले कर्तव्य आहे.